दहापैकी किती

इंटरनेटवर ऑस्टिओपॅथी शिकणाऱ्यांसाठी फेलोशिप शोधायला बसलं की पानंच्या पानं निघतात, आणि त्यातलं एकही आपल्यासाठी नसतं. बहुतेक सगळी अमेरिकेतली. तिकडे हे शास्त्र शिकणारी मुलं पुरती डॉक्टर होतात, ऑपरेशनंसुद्धा करतात. इथे जर्मनीत ते शिकतात माझ्यासारखे फिजिओथेरपिस्ट, आठवडाभर नोकरी करून, दर शनिवारी, पाच वर्षं. हाडं, सांधे, स्नायू बोटांनी चाचपून उपचार करायचे आणि डॉक्टर म्हणून कुणी विचारायचं नाही. त्या याद्यांमध्ये कुठे वयाची अट, कुठे नागरिकत्वाची, कुठे दोन्ही. मी एक्केचाळीस वर्षांची, निळ्या पासपोर्टची. दर आठवड्याला शोधायचे आणि दर आठवड्याला लॅपटॉप आपटून बंद करायचे. नवरा म्हणायचा, "अगं, लॅपटॉपचा काय दोष?"

पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात मी नऊ वर्षं काढली होती. हाताखाली चार मुली होत्या, मॅडम मॅडम करायच्या. मग नवऱ्याला झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि आम्ही आलो. माझी डिग्री इथे मान्य व्हायला अडीच वर्षं गेली. त्यानंतर मिळालं काय, तर एका प्राक्सिसमध्ये, म्हणजे खासगी दवाखान्यात, वीस-वीस मिनिटांचे पेशंट आणि फांगो. फांगो म्हणजे गरम औषधी चिखल. तो पत्र्याच्या ट्रेमध्ये तापवायचा, लोकांच्या पाठीखाली सारायचा आणि मग तो ट्रे घासायचा. नखांत जाऊन बसतो मेला, कितीही ब्रश मारा. पुण्यातल्या त्या चारजणींपैकी एक आता तिथे विभागप्रमुख आहे. तिचा फोटो बघितला त्या दिवशी मी नवऱ्याशी विनाकारण भांडले.

अशात आमच्या ऑस्टिओपॅथीच्या शाळेच्या नोटीस बोर्डावर तो कागद लागला. एका छोट्या संस्थेचं श्टिपेंडियम, म्हणजे फेलोशिपच, वर्षाला एकच जागा. मोठ्या हॉस्पिटलच्या वेदना-विभागात वर्षभर पगारी काम, डॉक्टरांच्या बरोबरीने. वर्ष संपल्यावर बहुतेकांना तिथेच ठेवून घेतात, असं आमच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या. वयाचा रकाना नव्हता, नागरिकत्वाचा नव्हता. मी तो कागद तीनदा वाचला आणि तिथेच कॉरिडॉरमध्ये मला रडू आलं. हे गेलं तर पुन्हा काही येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अट एकच होती. एका पेशंटवर दहा आठवड्यांत आठ वेळा उपचार करायचे, दर वेळी त्याला विचारायचं, "शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे असह्य, तर आज किती?" आणि त्याची केस लिहून द्यायची. मी शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंना तयार केलं. दोन वेळा आल्या आणि मग मुलीकडे हांबुर्गला निघून गेल्या. कपाळमोक्ष! पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला जेमतेम दहा आठवडेच उरले होते, आणि कुणी सापडेना.

त्याच आठवड्यात माझे सासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले.

बाबा कराडला हायस्कुलात छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. बोर्डाचे पेपर तपासायचे तेव्हा त्यांची एक ख्याती होती. पोरगं तेहतिसावर अडकलं असलं की हे पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचे. "कुठेतरी दोन मार्क असतातच. शोधायची नजर पाहिजे," म्हणायचे. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला मी सासूबाईंना फाडकन काहीतरी बोलले होते, सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. बाबा तेवढे हसले आणि म्हणाले, "तोंडी परीक्षेत पहिली आलेली दिसते." तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

विमानतळावर ते ट्रॉलीवर भार टाकून चालत आले. कंबर धरली होती. इतक्या तासांच्या प्रवासाने धरणारच, असं ते म्हणाले. तिसऱ्या दिवशीही धरलेलीच होती. मी विचारलं, तेव्हा कबूल केलं की तिकडेही दोनेक महिने दुखतंय, गावातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्यात. आणि मी, देवा शप्पथ सांगते, आधी मनात काय आलं असेल तर हेच आलं: पेशंट मिळाला. काळजी नंतर वाटली.

फॉर्मवर एक रकाना होता, रुग्णाशी नातं आहे का. आमच्या बाई पहिल्या वर्षापासून बजावायच्या की घरच्या माणसाची केस घेऊ नका, घरचा माणूस खरं बोलत नाही. मला वाटायचं, हे इथल्या जर्मन घरांतलं असेल. रकान्यात मी लिहिलं, "नाही".

दर रविवारी सकाळी दहाला बैठकीच्या खोलीत मी घडीचं टेबल मांडायचे. पहिल्या दिवशी बाबा बराच वेळ सदऱ्याच्या गुंड्यांशी खेळत उभे राहिले. आमच्याकडे सून सासऱ्यांच्या पाया पडते, पाठीला हात लावत नाही. शेवटी भिंतीकडे तोंड करून सदरा काढला, बनियन काही काढला नाही, आणि पालथे पडून रामरक्षा पुटपुटायला लागले. मी म्हटलं, "बाबा, मी मारणार नाहीये तुम्हाला." तर म्हणाले, "तुझा भरवसा नाही." दोघंही हसलो आणि मग सोपं झालं.

"दहापैकी किती?" मी विचारलं.

"आठ. लिही."

दुसऱ्या रविवारीही म्हणाले, "आठ. लिही." मी लिहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जाऊ द्या. माझं नशीबच फुटकं." एवढंच म्हटलं. पेन जरा जोरात ठेवलं असेल. ते टेबलावरून माझ्याकडे बघत होते, ते मला आज आठवतं. तेव्हा मी हात धुवायला निघून गेले.

तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, "सात. लिही."

मग सहा, मग पाच. मी हवेत होते. जेवताना त्या श्टिपेंडियमशिवाय दुसरा विषय नसायचा माझा. तिथे काय काम असेल, पांढरा कोट मिळेल का, लोक मला काय म्हणतील. बाबा पांढऱ्या श्पार्गेलचे देठ ताटात इकडून तिकडे करत ऐकायचे. ती भाजी म्हणजे इथल्या लोकांचा जीव की प्राण, बाबा तिला म्हणायचे आजारी शेवग्याच्या शेंगा. खाणं कमी झालं होतं त्यांचं. मी टोकलं तर म्हणायचे, "तुमच्या पावांनी बारीक झालोय. कराडला गेलो की भाकरीने भरून निघेल." कंबरदुखीच्या म्हाताऱ्या माणसाला जे प्रश्न विचारायलाच हवेत ते मी विचारले होते. वजन उतरलंय का? पाव. झोपेतून दुखून जाग येते का? "छे, ढाराढूर झोपतो." आणि त्यांच्या खोलीतला पलंग रोज सकाळी इतका नीटनेटका असायचा, चादरीला एक सुरकुती नाही. मी पुण्याला आईला फोनवर कौतुकाने सांगितलंसुद्धा, "या वयात स्वतःचं अंथरूण स्वतः आवरतात गं."

ते पलंगावर झोपतच नव्हते. आडवं झालं की कळ सहन होत नसे, म्हणून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. हे मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

शाळेत आम्हाला एक खेळ देतात. डोक्यावरचा एक केस कागदाखाली ठेवायचा आणि बोटांनी शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद. आमच्या वर्गात सगळ्यात जास्त कागदांखालचा केस शोधायची ती मी. बाई माझी बोटं इतरांना दाखवायच्या. ती बोटं आठ रविवार बाबांच्या कमरेवर फिरली. एका जागी, मणक्याच्या डाव्या अंगाला, पाचव्या वेळी मला काहीतरी वेगळं लागलं होतं. खोटं का बोलू? लागलं होतं. मी थांबले, पुन्हा दाबलं. बाबांनी श्वास रोखला. "दुखलं?" मी विचारलं. "गुदगुल्या झाल्या," ते म्हणाले, आणि त्या दिवशी आकडा सांगितला पाच. पाच म्हणजे सुधारणा. मी पुढे सरकले. हात एक सांगत होता आणि आकडा एक, मी आकड्यावर विश्वास ठेवला कारण तो मला हवा होता.

शेवटच्या रविवारी दोन. आठ, आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन. मी तो आलेख रंगीत छापून घेतला. आजारी माणसाचं दुखणं असं जिना उतरल्यासारखं उतरत नाही, एखाद्या आठवड्यात चढतं, अडकतं. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. माझं मात्र दिव्याखाली अंधार.

मुलाखत म्युनिकला झाली. तिघे होते. त्यातले एक वयस्कर डॉक्टर आलेख हातात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "फार सरळ रेषा आहे." मला ते कौतुक वाटलं. मी म्हटलं, "या, गेनाऊ!" म्हणजे हो, अगदी बरोबर, आणि दात काढून हसले. आठ दिवसांनी मेल आली. माझी निवड झाली होती. मी ओरडले, नवऱ्याने शिरा केला, आणि बाबांनी तो वाडगा हातात घेऊन जागेवरूनच विचारलं, "पहिला नंबर ना? दुसरा नाही ना?"

"एकच नंबर असतो बाबा."

"मग झालं तर," ते म्हणाले. शिरा तसाच राहिला.

चार दिवसांनी बसस्टॉपवर त्यांचा पाय उचलेना. नवरा बरोबर होता, त्याने धरून बाकावर बसवलं. अ‍ॅम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात एमआरआय झाला आणि एक तरुण डॉक्टरीणबाई आम्हाला एका छोट्या खोलीत घेऊन गेली. मला कळलंच. चांगली बातमी द्यायला कुणी दार लावून घेत नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर, मणक्यात आणि खुब्यात पसरलेला. एक मणका खचून मज्जारज्जूवर दाब आला होता. तिने विचारलं, "यांच्यावर कुणी हाताने उपचार करत होतं का?"

"हो."

"कोण?"

"मी," मी म्हटलं. तिने ते टाइप केलं. ती रागावली नाही, आणि मला वाटत होतं हिने उठून माझ्या एक कानाखाली द्यावी. दहा आठवडे आधी कळलं असतं तर, असं मी विचारलं. ती म्हणाली, पसरलेला तेव्हाही असणार, पण पाय कदाचित वाचले असते. नवरा टेबलाकडे बघत होता. तो मला यावरून आजवर एकदाही बोललेला नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

बाबांच्या चष्म्याच्या डबीत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या. रविवारी नऊला दोन गोळ्या घ्यायचे, म्हणजे दहापर्यंत अंगात भिनायच्या. मी पलंगाशेजारी उभी राहून भांडले त्यांच्याशी. हो, भांडले. कॅन्सरच्या माणसाशी. "का केलंत असं? का? मी सून आहे तुमची, बोर्डाची परीक्षा नव्हे!"

"अगं, तुझं तोंड बघवेना," ते म्हणाले. "एवढीशी झाली होतीस. म्हटलं, मला काय, कंबर आहे, दुखतेच म्हाताऱ्यांची. दोन मार्कांनी पोरीचं वर्ष कशाला घालवू?"

तेवढ्यात संध्याकाळची नर्स आली. औषध किती द्यायचं ते ठरवायला तिनेही तोच प्रश्न विचारला, शून्य ते दहा. मी मराठीत विचारलं, "बाबा, दहापैकी किती?"

ते नर्सकडे बघेनात. माझ्याकडे बघत राहिले, नेहमीच्या रविवारसारखे, आणि हळूच म्हणाले, "किती सांगू?"

मी नर्सला म्हटलं, "दहा." आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकून बसले. 

त्या आठवड्यात मी संस्थेला लिहिलं. पेशंट माझे सासरे होते, मी नातं लपवलं, आकडे खरे नव्हते, दुखण्याचं कारण हे होतं. आमच्या बाई म्हणाल्या, "कुणी तपासत नाही हे. नक्की पाठवायचंय?" मी पाठवलं. उगाच मोठेपणा म्हणून नाही. त्या विभागात जाऊन रोज लोकांना 'दहापैकी किती' विचारायचं माझ्यात बळ नव्हतं, खरं कारण तेवढंच. दोन ओळींचं उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल, कुटुंबाला बळ मिळो. मी दुसऱ्या दिवशी प्राक्सिसमध्ये गेले आणि फांगोचे ट्रे घासले.

जागा गेल्याचं बाबांना सांगायचं नाही, असं मी आणि नवऱ्याने ठरवलं. विमानात बसवता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, व्हिसा वाढवून घेतला, आणि ऑक्टोबरात त्यांना शेवटच्या टप्प्यातल्या आजाऱ्यांच्या वॉर्डात हलवलं. तिथल्या नर्सला, सफाईवालीला, शेजारच्या पलंगावरच्या आजोबांना ते माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "डॉक्टर. माय डॉटर-इन-लॉ. नंबर वन." भाषा कुणाला कळायची नाही, पण मान सगळे डोलवायचे. मी हसायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

काम संपलं की मी तिकडेच जायचे. रोज विचारायचे ते, "कसा गेला दिवस? तिथे नीट वागतात ना?" आणि मी रचून रचून सांगायचे. मोठे डॉक्टर मला विचारून औषध ठरवतात. कोट मिळाला, नावाची पट्टी लावलेला. एका आजीबाईंचा हात सात महिन्यांनी वर गेला, रडल्या बिचाऱ्या. ती आजी म्हणजे माझी पुण्यातली पेशंट, कधीची. एवढं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि तोंडावर समाधान दिसायचं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आणखी रचायचे.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी त्यांचा आवाज पार खोल गेला होता. मी त्यांच्या ओठांना ओला बोळा लावत होते. त्यांनी विचारलं, "खूश आहेस ना तिथे?"

"खूप."

"दहापैकी किती?"

मी म्हटलं, "नऊ."

"एक कुठे गेला?"

 मी फटकळ बाई, तोंडी परीक्षेत पहिली आलेली. बोळा वाटीत ठेवला आणि म्हटलं, "कँटीनचं जेवण अगदीच भिकार आहे बाबा. त्याचा एक कापला."

ते हसल्यासारखे झाले. माझा हात हातात घेतला, चष्मा नव्हता म्हणून डोळ्यांजवळ नेला आणि एकेक बोट बघत गेले. नखांत फांगोचा चिखल होता. त्या दिवशी घाईत ब्रश मारायचा राहिला होता. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखाने माझ्या एका नखातला चिखल हळूहळू कोरून काढला, चादरीला पुसला, मग दुसऱ्या नखातला. छत्तीस वर्षं पेपर तपासलेला माणूस. मला हात ओढून घेता येईना.

"बरं," ते म्हणाले. "नऊ लिहितो."